एकच पासवर्ड, एकतीस माणसे

वाचकाचे पत्र, थोडे आटोपशीर करून:

'पिंपरी-चिंचवड आणि नाशिक येथे आमचा एसी दुरुस्तीचा आणि वार्षिक देखभाल करारांचा व्यवसाय आहे. बावीस टेक्निशियन, चार कोऑर्डिनेटर, दोन स्टोअरकीपर, एक सुपरवायझर, एक अकाउंटंट आणि मी, असे आम्ही एकतीस जण आहोत. तीन वर्षांपूर्वी कॉल (म्हणजे ग्राहकाने नोंदवलेले दुरुस्तीचे काम) वाटपाचे सॉफ्टवेअर घेतले. त्यात वापरकर्त्यामागे पैसे पडतात, म्हणून सगळे जण एकाच अ‍ॅडमिन लॉगिनने काम करत होते. गेल्या मे महिन्यात एका रुग्णालयाच्या सर्व्हर रूमचा कॉल कोणीतरी दुसऱ्या दिवसावर ढकलला. कोणी ढकलला ते आजवर कळलेले नाही. पुढे एक टेक्निशियन काम सोडून गेला आणि दोन महिन्यांत आमच्याच करारातील ग्राहकांना त्याचे फोन जाऊ लागले. मी घाबरून विक्रेत्याकडून सर्वांना स्वतंत्र लॉगिन आणि रोल, म्हणजे कामागणिक ठरवलेले अधिकारांचे संच, करून घेतले. आता सत्तावीस रोल झाले आहेत, मुले गच्चीवरून दर अर्ध्या तासाने "सर, हे उघडत नाही" म्हणून फोन करतात, आणि ज्यांना सगळे काका म्हणतात त्या आमच्या सर्वात जुन्या टेक्निशियनने मला विचारले, "चौदा वर्षांनी आम्ही चोर झालो का?" कोणाला काय दिसावे आणि कोणाला काय बदलता यावे, हे ठरवायचे तरी कसे?'

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आधी सर्वांना सर्व काही दिले होते आणि आता बहुतेकांचे बहुतेक काढून घेतले आहे. परंतु दोन्ही वेळा एखादा कॉल फोनवर नोंदवला जाण्यापासून त्याचे बिल वसूल होईपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो, हे कोणी बसून पाहिलेले दिसत नाही. रोल हुद्द्यांच्या यादीवरून केले की असेच होते. ते कामाच्या एकेका क्षणावरून करावे लागतात: या क्षणी हा निर्णय कोण घेतो, त्याला त्यासाठी काय दिसणे आवश्यक आहे, आणि निर्णय चुकला तर उत्तर कोण देणार? माझे पुढचे सर्व म्हणणे या तीन प्रश्नांभोवतीच फिरणार आहे.

प्रथम रुग्णालयाच्या कॉलविषयी. तो कोणी ढकलला याचा शोध आता सोडून द्या, कारण तो लागणार नाही. सॉफ्टवेअरने त्याची नोंद बहुधा चोख ठेवली असेल, पण त्या नोंदीत 'अ‍ॅडमिन' एवढेच नाव असेल आणि त्या नावामागे एकतीस माणसे उभी आहेत. शिवाय हे कोणी मुद्दाम केले असेल असेही मला वाटत नाही. वेळापत्रकाच्या बोर्डावर कॉलचा रंगीत चौकोन माउसने ओढून इकडचा तिकडे नेता येतो. शेजारचा कॉल उचलताना हाच चिकटून येतो आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात पडतो, तेही चार फोन एकदम वाजत असताना. मी स्वतः काही वर्षे लिफ्ट देखभालीच्या एका कंपनीत कॉल डेस्क सांभाळला आहे. आमच्या पाठीमागच्या पांढऱ्या फळ्यावर हिरव्या मार्करने पासवर्ड लिहिलेला असे, आणि फळा पुसणाऱ्या मावशी तेवढा कोपरा सोडून बाकीचा फळा पुसत. एका शनिवारी तेरा कॉल 'पूर्ण' असे दाखवू लागले, प्रत्यक्षात त्यातले चारच झाले होते. सोमवारी सकाळी आम्ही पाचही जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले, आणि नंतरचे कित्येक दिवस पाहतच राहिलो. कोणी केले हे कधीच उलगडले नाही, पण पाच जणांतला विश्वास मात्र त्या आठवड्यात गेला तो गेलाच.

म्हणून रोल कितीही असोत, प्रत्येक माणसाचे लॉगिन त्याच्या नावाचे हवे, ही पहिली अट आहे आणि ती तुम्ही आता पूर्ण केली आहे. वापरकर्त्यामागच्या शुल्काचा भार पुन्हा जाणवेल, तेव्हा दोन कोऑर्डिनेटरांना एका लॉगिनवर बसवण्याचा मोह होईल. त्याऐवजी ज्यांना केवळ आठवड्याचा अहवाल लागतो त्यांना तो ईमेलने जाईल अशी व्यवस्था करा आणि त्यांचे लॉगिन बंद करा. स्वतंत्र लॉगिनचा पहिला लाभ कर्मचाऱ्यालाच होतो, कारण जे त्याने केलेले नाही ते त्याच्या नावावर चढत नाही.

आता सत्तावीस रोलांकडे वळू. संगणकशास्त्रात या विषयाचे दोन जुने आधार आहेत. जेरोम साल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले: प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. अमेरिकेच्या मानके आणि तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये भूमिकाधारित नियंत्रणाची रीतसर मांडणी केली. अधिकार माणसाला थेट न देता भूमिकेला द्यावेत आणि माणसाला त्या भूमिकेत बसवावे, म्हणजे माणूस आला, गेला किंवा बदलला तरी अधिकारांची घडी विस्कटत नाही. ही कल्पना मुळात कटकट कमी करण्यासाठी निघाली होती. एकतीस माणसांसाठी सत्तावीस भूमिका झाल्या, याचा अर्थ जवळपास प्रत्येक माणसासाठी एक भूमिका शिवली गेली आणि भूमिका असण्याचा लाभच नाहीसा झाला.

असे का होते याचा अंदाज मी सांगू शकतो. तुमच्या यादीत 'टेक्निशियन पुणे', 'टेक्निशियन नाशिक', 'टेक्निशियन पुणे रात्रपाळी', 'टेक्निशियन दर न दिसणारा' अशी नावे असतील. यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. माणूस कोणती क्रिया करू शकतो, ही पहिली गोष्ट, आणि रोल केवळ तिच्यासाठी असतो. ती क्रिया त्याने कोणत्या नोंदींवर करावी, म्हणजे फक्त स्वतःच्या कॉलवर, स्वतःच्या शाखेच्या कॉलवर की सर्व कॉलवर, ही दुसरी. आणि त्या नोंदीतील कोणते रकाने त्याला दिसावेत, ही तिसरी. नाशिकचा टेक्निशियन आणि चिंचवडचा टेक्निशियन अगदी तेच काम करतात, फक्त त्यांचे कॉल निराळे असतात. त्यांच्यासाठी दोन रोल करणे म्हणजे गावागणिक नवे व्याकरण लिहिण्यासारखे आहे.

बहुतेक चांगल्या प्रणालींत या तिन्हींची सोय स्वतंत्रपणे केलेली असते. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रोलचे अधिकार एका ठिकाणी ठरतात, ठरावीक माणसाला ठरावीक प्रदेशापुरते बांधणे दुसऱ्या ठिकाणी होते, आणि रकान्यांना शून्य ते नऊ असे स्तर देऊन वरच्या स्तराचे रकाने फक्त निवडक रोलांना दाखवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ फील्ड सर्व्हिस या फिल्डवरच्या कामांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रशासक, डिस्पॅचर (कॉल वाटणारा), फिल्डवरचा माणूस, साठा-खरेदी पाहणारा असे मोजकेच तयार रोल मिळतात, आणि स्वतःच्या नोंदी, आपल्या विभागाच्या नोंदी, संपूर्ण संस्थेच्या नोंदी ही व्याप्ती प्रत्येक अधिकारासाठी वेगळी ठरवता येते. तुमचे सॉफ्टवेअर कोणतेही असो, विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारा: शाखेची मर्यादा रोल न वाढवता घालता येते का? त्याचे उत्तर 'हो' असेल, तर तुमचे सत्तावीस रोल सहा-सातवर येतील: टेक्निशियन, बाहेरचा कंत्राटी टेक्निशियन, कोऑर्डिनेटर, सुपरवायझर, स्टोअर, हिशेब, आणि प्रशासक.

या सर्वांत खरी गुंतागुंत वेळापत्रकाची आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. 'कॉल बदलण्याचा अधिकार' असे एकच कलम विक्रेत्याच्या पडद्यावर दिसत असेल, पण त्याच्या पोटात चार निरनिराळे अधिकार आहेत: कॉलची वेळ बदलणे, माणूस बदलणे, स्थिती बदलणे, आणि कॉल रद्द करणे. कोऑर्डिनेटरने वेळ आणि माणूस दिवसभर बदलायलाच हवेत. मे महिन्यात दादरपासून दापोडीपर्यंत सगळ्यांचे एसी एकाच दुपारी बंद पडतात, अशा वेळी प्रत्येक फेरफारासाठी सुपरवायझरची मंजुरी लागली, तर बोर्ड जागच्या जागी गोठेल. परंतु रुग्णालय, औषधांची शीतगृहे, बँकांच्या सर्व्हर रूम अशा ग्राहकांचे कॉल एकदा नेमले की त्यांना कुलूप लागले पाहिजे. हे कुलूप सुपरवायझरने काढावे, किंवा कोऑर्डिनेटरने कारण लिहून काढावे आणि त्याच क्षणी सुपरवायझरला संदेश जावा. मला यातला दुसरा पर्याय अधिक पसंत आहे, कारण रात्री साडेआठला सुपरवायझर बसमध्ये असतो आणि रुग्णालय थांबू शकत नाही. कारणाचा रकाना मात्र सक्तीचा ठेवा. माउसच्या चुकीने सरकणारा कॉल तेवढ्यानेच अडतो, कारण चूक करणाऱ्याकडे लिहायला कारण नसते.

टेक्निशियनला स्वतःचा कॉल दुसऱ्या दिवशी नेता यावा का? माझे मत असे आहे की नेता येऊ नये, पण 'पोहोचू शकत नाही' असे कळवणारे बटण त्याच्या हाताशी असलेच पाहिजे, आणि ते दाबताच कॉल कोऑर्डिनेटरच्या बोर्डावर लाल होऊन परत आला पाहिजे. आज तुमच्या मुलांना बहुधा हे बटणही नाही. म्हणून मागच्या कॉलला उशीर झाला की मुलगा फोन करतो, फोन लागत नाही, आणि मग तो पुढच्या ग्राहकाच्या दारात न जाताच कॉल 'ग्राहक घरी नाही' असा नोंदवून टाकतो. अधिकार नाकारला की माणूस उपलब्ध पर्यायांतून सर्वात जवळचे खोटे निवडतो, हे मी कॉल डेस्कवर बसून शेकडो वेळा पाहिले आहे. तुमच्या अहवालात 'ग्राहक घरी नाही' ही संख्या गेल्या दोन महिन्यांत वाढली आहे का, ते अवश्य तपासा.

कॉल बंद करण्याचेही तसेच आहे. काम झाल्याची नोंद टेक्निशियननेच करावी, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने ती पक्की व्हावी, आणि एकदा बंद झालेला कॉल पुन्हा उघडण्याचा अधिकार टेक्निशियन आणि कोऑर्डिनेटर या दोघांनाही नसावा. चार दिवसांनी तीच तक्रार आली तर नवा कॉल नोंदवावा आणि तो जुन्याशी जोडावा. जुना कॉल उघडून त्यातच काम दाखवण्याची सवय लागली, की कोणते यंत्र पुन्हा पुन्हा बिघडते आहे हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आता ग्राहकांच्या फोन नंबरांविषयी, कारण तुमची जखम तिथली आहे. तुमच्या विक्रेत्याने नंबर टेक्निशियनपासून पूर्ण लपवला असेल आणि म्हणूनच गच्चीवरून फोन येत असतील, असा माझा तर्क आहे. टेक्निशियन सोसायटीच्या फाटकाशी उभा असतो, सुरक्षारक्षक फ्लॅट नंबर विचारतो, वरून कोणी इंटरकॉम उचलत नाही. त्या क्षणी त्याला नंबर हवाच. प्रश्न कोणाचा नंबर, आणि किती वेळ, एवढाच आहे. त्याला फक्त त्याच्या नावावर असलेल्या कॉलचा नंबर त्या दिवशी सकाळपासून दिसावा आणि कॉल बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो नाहीसा व्हावा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅपमधूनच, नंबर न दाखवता फोन लावण्याची सोय असेल तर अधिक उत्तम, पण त्या सोयीचा खर्च पाहून निर्णय घ्या. एखादा मुलगा रोजचे पाच नंबर स्वतःच्या वहीत लिहून घेईल, आणि ते तुम्ही थांबवू शकणार नाही. मात्र वर्षभरात लिहिलेले नंबर आणि एका बोटाच्या दाबाने बाहेर पडणारी दोन हजार ग्राहकांची, कराराच्या संपण्याच्या तारखांसह असलेली यादी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडून गेलेल्या टेक्निशियनने दोन महिन्यांत तुमच्या करारातील ग्राहक गाठले, म्हणजे त्याच्याजवळ त्या तारखा होत्या. त्या त्याला जॉब शीटवरून, म्हणजे एकेका कॉलच्या कामाच्या कागदावरून, मिळालेल्या नसाव्यात.

यादी बाहेर काढण्याचा, म्हणजे एक्सेलमध्ये उतरवण्याचा अधिकार म्हणूनच 'पाहण्या'च्या अधिकारापासून वेगळा काढा आणि तो तुम्ही व अकाउंटंट यांच्यापुरताच ठेवा. इथे दोन फसव्या जागा आहेत. पहिली अशी, की पडद्यावरून रकाना लपवणे आणि रकान्याचा अधिकार काढणे या एकसारख्या गोष्टी नाहीत. फॉर्मवर न दिसणारा नंबर शोधपेटीत, अहवालात किंवा छापील जॉब शीटवर सहज दिसू शकतो. विक्रेता 'लपवले आहे' म्हणाला, तर टेक्निशियनच्या लॉगिनने आत जाऊन शोध, अहवाल आणि छपाई या तिन्ही दारांनी स्वतः पाहा. दुसरी जागा मोबाइल अ‍ॅपची. तळघरात आणि लिफ्टच्या खोलीत नेटवर्क नसते, म्हणून अशी अ‍ॅप माहिती आधीच फोनमध्ये उतरवून ठेवतात. त्या फोनवर नेमके काय उतरते, फक्त आजचे कॉल की शाखेचे सर्व ग्राहक, हे विचारून लेखी घ्या.

आणि एक अप्रिय गोष्ट सांगतो. इतके सर्व केल्यानंतरही तुमच्या कोऑर्डिनेटर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बावीस जणांना दिवसाचे कॉल नाव, पत्ता आणि नंबरासह टाकत असतील. तिथे कोणताही रोल चालत नाही, सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमधून जुने संदेश परत येत नाहीत, आणि तो ग्रुपमधून काढला गेला का हेही बहुधा कोणाच्या लक्षात नसते. अ‍ॅप अडवते म्हणून ग्रुप चालतो आणि ग्रुप चालतो म्हणून अ‍ॅप सुधारत नाही. टेक्निशियनचा रोल नीट करून झाल्यावर पहिल्याच सोमवारी तो ग्रुप कॉलसाठी बंद करा. त्याआधी बंद केलात, तर ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाची कोंडी होईल.

सुट्या भागांचा आणि पैशाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तुमचा अकाउंटंट तो माझ्यापेक्षा चांगला जाणत असेल. एकाच माणसाच्या हातात एका व्यवहाराची दोन्ही टोके असू नयेत: ज्याने भाग वापरल्याची नोंद केली त्याने साठा जुळवू नये, ज्याने सवलत दिली त्याने ती मंजूर करू नये, ज्याने रोख घेतली त्याने बिल रद्द करू नये. पण याचा अर्थ प्रत्येक कपॅसिटरसाठी मंजुरी असा नव्हे. दोन-तीनशे रुपयांच्या भागासाठी माणूस मे महिन्याच्या उन्हात आउटडोअर युनिटशेजारी वीस मिनिटे उभा राहिला, तर त्या वीस मिनिटांची किंमत भागापेक्षा अधिक होते. ठरावीक रकमेच्या आतले भाग त्याने न विचारता वापरावेत आणि स्टोअरने आठवड्याच्या शेवटी त्याच्या बॅगेतील साठा मोजावा. कॉम्प्रेसर, पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि गॅस यांना मात्र आधी होकार लागावा. गॅस भरल्याची नोंद किलोग्रॅममध्ये आणि सिलिंडरच्या क्रमांकासह सक्तीची करा, कारण एसीच्या धंद्यात गळती दोन प्रकारची असते आणि त्यातली एकच नळीत सापडते.

सुट्ट्यांचा विचार तुमच्या विक्रेत्याने केलेला नसेल, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणतो. सुपरवायझर लग्नाला गावी गेला की त्याचा पासवर्ड कोऑर्डिनेटरकडे येतो, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर जाता. त्याऐवजी चारांपैकी एका कोऑर्डिनेटरला तेवढ्या तारखांपुरता सुपरवायझरचा रोल जोडून द्या, आणि शेवटची तारीख तेव्हाच घालून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये तारखेची सोय नसेल, तर प्रशासकाच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा. अनेक प्रणालींत रोल एकमेकांत मिसळतात, ते एकमेकांना कापत नाहीत. माणसाला दोन रोल असले की दोहोंपैकी जो अधिक मोकळा तो चालतो. म्हणून टेक्निशियनचा सुपरवायझर झालेल्या माणसाचा जुना रोल काढायचा राहिला तर फारसे बिघडत नाही, पण स्टोअरमधून हिशेबात आलेल्या माणसाचा जुना रोल राहिला तर वर सांगितलेली दोन्ही टोके नकळत एका हातात येतात. दर तीन महिन्यांनी एकतीस नावांची आणि त्यांच्या रोलांची एक पानभर यादी छापून ती सुपरवायझरसमोर ठेवा, आणि लाल पेनाने खुणा करायला सांगा. अर्ध्या तासाचे काम आहे.

माणूस सोडून जातो त्या दिवसाचा क्रम आधी ठरवून ठेवा. आधी त्याच्या नावावरचे पुढचे कॉल दुसऱ्यांकडे वळवा, मग लॉगिन बंद करा, मग त्याच्या फोनमधील अ‍ॅपचे सत्र तोडा, म्हणजे आधीच उघडे असलेले लॉगिन बंद पाडा, आणि मग बॅगेतील साठा जमा करा. लॉगिन पुसून टाकू नका, फक्त निष्क्रिय करा; पुसले तर त्याने तीन वर्षांत केलेल्या कामांवरचे नाव उडण्याची शक्यता असते, आणि वॉरंटीच्या वादात तेच नाव लागते. मार्च ते जूनच्या गर्दीत तुम्ही बाहेरची मुले रोजावर घेत असाल, तर त्यांच्या लॉगिनला सुरुवातीलाच जूनअखेरची मुदत घाला.

कायद्याचा उल्लेख करतो, कारण तो तुम्हाला लागू होणारच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. ग्राहकांचे नाव, पत्ता आणि नंबर हा त्यातला वैयक्तिक डेटाच आहे. तो कोण पाहू शकतो यावर नियंत्रण ठेवणे आणि कोणी पाहिला याच्या नोंदी वर्षभर जपणे, हे त्या नियमांत येते, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्यासारख्या व्यवसायाला एवढा दंड होईल असे मी मुळीच सुचवत नाही, पण 'आमचा सगळ्यांचा एकच पासवर्ड होता' हे वाक्य कोणत्याही चौकशीत उच्चारायला अवघड जाईल. तुमचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवण्याची आणि तो माग बंद करता न येण्याची अट १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेच. बिले याच सॉफ्टवेअरमधून निघत असतील तर हे अकाउंटंटला आवर्जून विचारा.

आता थोडे तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही स्वतःच्या रोलबद्दल काहीच लिहिलेले नाही, त्यावरून तुम्ही अजून अ‍ॅडमिन लॉगिननेच दिवसभर काम करत असाल असे दिसते. मालकाला हे सर्वात जड जाते, तरी सांगतो: रोजच्या पाहणीसाठी स्वतःला फक्त वाचता येईल असा रोल घ्या, आणि अ‍ॅडमिनचे लॉगिन महिन्यातून चार वेळा लागेल तेव्हाच वापरा. ओळखीच्या ग्राहकाचा फोन आला, की मालक घरून मोबाइलवर स्वतःच कॉल वर सरकवतो आणि कोऑर्डिनेटरला सकाळी बोर्ड ओळखू येत नाही, हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. रुग्णालयाचा तो कॉल कोणी सरकवला असेल याविषयी मी आणखी काही बोलणार नाही.

हे बदल एप्रिलमध्ये करू नका. पावसाळा सुरू झाला की तुमचे कॉल ओसरतील. जुलैमध्ये नव्याने मांडलेले रोल आधी दोन टेक्निशियन, एक कोऑर्डिनेटर आणि एक स्टोअरकीपर यांच्यावर पंधरा दिवस चालवा, आणि मग बाकीच्यांना द्या. तोपर्यंत टेक्निशियनचा सध्याचा रोल थोडा सैल करा: स्वतःच्या आजच्या कॉलचा नंबर दिसू द्या, त्या यंत्राच्या मागच्या तीन भेटींची नोंद दिसू द्या, आणि 'पोहोचू शकत नाही' हे बटण द्या. एवढ्याने गच्चीवरचे बहुतेक फोन थांबतील.

काकांविषयी शेवटी लिहितो, कारण मला तुमच्या पत्रातली तीच ओळ सर्वात महत्त्वाची वाटली. त्यांना सर्वांसमोर समजावू नका आणि 'तुमच्यासाठी नाही हो, बाकीच्यांसाठी आहे' असेही म्हणू नका. तसे म्हटलेत तर बाकीची एकवीस मुले ते संध्याकाळपर्यंत ऐकतील. त्यांना ऑफिसात बोलावून रुग्णालयाच्या कॉलची ती नोंद दाखवा, जिथे नावाच्या जागी 'अ‍ॅडमिन' लिहिले आहे, आणि सांगा की त्या दिवशीचा ठपका त्यांच्यासकट कोणावरही येऊ शकला असता. मग पंधरा दिवसांच्या चाचणीतला पहिला टेक्निशियन त्यांनाच करा. त्यांच्या खिशात एक छोटी वही द्या, आणि अ‍ॅपने जिथे जिथे 'परवानगी नाही' म्हटले तिथे कॉलचा क्रमांक, वेळ आणि त्यांना नेमके काय करायचे होते एवढे लिहायला सांगा. विक्रेत्याकडे जाताना ती वही घेऊन जा, आणि शक्य असेल तर काकांनाही.